व्हिडिओ मुलांना आवडतो, पण बेरीज चुकते

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. अपूर्णांकांच्या बेरजेवर मोबाईलवरच बारा मिनिटांचा व्हिडिओ बनवलाय, मागे म्युझिक, कार्टून, स्क्रीनवर सगळी वाक्यं आणि तीच मी वाचूनही दाखवतो. मुलं मन लावून बघतात, पण पेपरात १/३ + १/४ = २/७ लिहितात. चांगलं ॲप घेतलं तर फरक पडेल का?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, ॲपचं नंतर बघू. मी शैक्षणिक तंत्रज्ञानात एम.ए. करतेय आणि आमच्या वर्गात या एका मुद्द्यावर कायम वाद पेटलेला असतो. रिचर्ड क्लार्क या अमेरिकन संशोधकाने १९८३ मध्ये लिहिलं होतं की माध्यम फक्त शिकवणं पोचवतं, किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण बदलत नाही तसंच ते. रॉबर्ट कोझमा या दुसऱ्या संशोधकांना हे मान्य नव्हतं, काही गोष्टी ठरावीक माध्यमातच नीट कळतात असं त्यांचं म्हणणं. मला कोझमांचंही पटतं, पण तुमच्या वर्गात आधी क्लार्क.

कारण ते २/७ बघा ना. मुलांनी वरचे आकडे मिळवले, खालचे आकडे मिळवले. म्हणजे १/३ ही एकच संख्या आहे हे त्यांच्या डोक्यात बसलेलंच नाही, त्यांना ते एकावर एक लिहिलेले दोन आकडे दिसतात, आणि हे असं असताना छेद समान करायची रीत कितीही सुंदर दाखवली तरी ती पाठ होते आणि पेपरात विसरली जाते. म्हणून व्हिडिओच्या आधी कागद घ्या. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटीमीटर असते, तेवढ्या लांबीची पट्टी कापायची, तिचा १/३ म्हणजे ७ सेंटीमीटर आणि २/७ म्हणजे ६. आता विचारा, १/३ मध्ये अजून काहीतरी मिळवलं आणि उत्तर कमी कसं झालं? इथे घाईने उत्तर सांगू नका प्लीज, मुलांना भांडू द्या, शिकणं इथेच होतंय. मग १२ सेंटीमीटरची पट्टी द्या, ४ आणि ३ मिळून ७, म्हणजे ७/१२ त्यांचं त्यांनाच सापडेल.

व्हिडिओ टाकून देऊ नका, कमी करा. शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं यावर भरपूर काम आहे : म्युझिक आणि विषयाशी संबंध नसलेली चित्रं काढली, बोलतोय तेच पुन्हा स्क्रीनवर लिहिलं नाही, छोटे तुकडे केले, की सहसा जास्त समजतं. (एखाद्या मुलाला कमी ऐकू येत असेल किंवा घरची भाषा वेगळी असेल तर मात्र लिहिलेलं राहू द्या.) प्रत्येक तुकड्यानंतर व्हिडिओ थांबवायचा आणि वहीत एक बेरीज, आधी अंदाज मग उत्तर.

ॲप कुठे कामाचं? छेद बदलला की संख्यारेषेवर ठिपका सरकताना दिसतो, ते फळ्यावर जमत नाही, तिथे कोझमा बरोबर. आणि आठवड्याने, व्हिडिओ न दाखवता, पुन्हा दोन बेरजा घाला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा धडा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारेच पुढे गेले. ती कॉलेजची मुलं होती आणि गणित नव्हतं, हे खरंय, तरी करून बघाच. जे अजून छेद मिळवत असतील त्यांना परत पट्टीवर घ्या.