नवा कार्बोरेटर घेण्याआधी मेलेला सिलिंडर शोधा

प्रश्न : बाबांची 1998 ची जिप्सी किंग आता मी चालवते. कार्बोरेटरवाली आहे. जुलैत ताम्हिणीतून धो धो पावसात परत आले, तेव्हापासून गाडी मिसिंग मारते. उभी असताना थरथरते, सिंहगडाच्या चढाला झटके देते. चार दिवस ऊन पडलं की बरीच सुधारते, पाऊस झाला की पुन्हा तेच. गॅरेजमध्ये चारही प्लग नवे टाकले, पेट्रोल फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला. आता नवा कार्बोरेटर टाका म्हणतात. टाकू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, इतक्यात टाकू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य उन्हापावसाचं आहे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकात, कचरा असेल, तर तो चार दिवस ऊन पडलं म्हणून निघून जात नाही. ओल लागली की बिघडतं आणि वाळलं की सुधारतं, असं दुखणं बहुतेक वेळा करंटचं असतं.

पण माझ्यावरही नुसता विश्वास ठेवू नका. आधी मिसिंग, म्हणजे पेट्रोल न पेटणं, कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते शोधा. एक जास्तीचा प्लग घ्या. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची वायर काढा, ती या प्लगला लावा आणि प्लगचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवून ठेवा. मग गाडी चालू करून काही सेकंद आवाज ऐका. इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला सिलिंडर तोच. असं चारही बघा. चालू इंजिनवर हाताने वायर ओढू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. एका वेळी एकच वायर काढा आणि तिच्यावर नंबर लिहा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2 आहे, त्यामुळे प्लगच्या वायरी जिथून निघतात त्या डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर 3 च्या शेजारी 2 नसतो, 1 आणि 4 असतात. इथे भल्याभल्यांकडून अदलाबदल होते.

सापडलेल्या सिलिंडरचा प्लग खोला. पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे कार्बोरेटरचा त्यात दोष नाही. तो प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये टाकून बघा. मिसिंग प्लगबरोबर गेलं, तर नवा प्लगच खराब निघाला. असंही होतं.

माझ्या स्वतःच्या जिप्सीचं दुखणं हुबेहूब असंच होतं. पानशेतहून येताना सुरू झालं. महिनाभर मी कार्बोरेटरच उघडत बसलो होतो, त्याची हळहळ अजून वाटते. शेवटी डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून उलटी केली आणि अंगणात उन्हात तिरकी धरली. आत 3 नंबरच्या टोकापासून 1 नंबरकडे गेलेली एक काळी रेघ दिसली, केसाइतकी बारीक, पेन्सिलीने ओढल्यासारखी. फडक्याने पुसली, गेली नाही. नख फिरवलं तर नखाला लागली. कॅपला तडा गेला होता आणि त्यात कार्बन बसला होता. हवा दमट झाली की 3 चा करंट त्या वाटेने पळायचा. घाटात ते जास्त जाणवतं, कारण ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि करंट सोपी वाट धरतो.

तेव्हा कॅप, तिच्या आत फिरून एकेका वायरीला करंट देणारा रोटर आणि वायरी नीट बघा. वायरींची खात्री रात्री करता येते. अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि झाडांवर मारायच्या फवाऱ्याने लांबूनच वायरींवर अगदी बारीक पाणी मारा. जिथे वायर फुटली असेल, तिथे निळी ठिणगी सरपटताना दिसेल. ओढणी आणि मोकळे केस पंख्यापासून लांब ठेवा.

हे सगळं ठीक निघालं आणि तोच सिलिंडर मेलेला राहिला, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील, तर त्यांच्यावरच्या हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाच्या जोडातल्या सीलचा, संशय घ्या. एकच कमी असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा खराब, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. मिसिंग फक्त आयडलला असेल आणि रेस केल्यावर जात असेल, तर कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडातून किंवा कडक झालेल्या व्हॅक्यूम पाइपातून हवा ओढली जातेय का ते बघतात. तुमची गाडी चढालाही झटके देते, म्हणून ते मी मागे ठेवलंय.

कॅप आणायला नाना पेठेत जाल, तेव्हा जुनी सोबत न्या. 2000 नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाल्या, जिप्सीचे सुटे भाग वेगळे आहेत आणि नुसतं 'जिप्सीची कॅप' म्हटलं तर हातात काय पडेल सांगता येत नाही. दुकानातच दोन्ही शेजारी धरून खाचा जुळवा, आणि रोटरही त्याच वेळी नवा घ्या.