मिस्टरांनी सासूबाईंची चांदणी उतरवली

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. आम्ही जालन्याचे. माझे मिस्टर हल्ली संभाजीनगरच्या एका नव्या सहभागितेत (प्रार्थनेच्या मंडळीत) जातात. तिथं शिकवलं, की २५ डिसेंबर हा रोमी सूर्यदेवाचा दिवस, नाताळ बायबलात नाही आणि झाड म्हणजे मूर्तिपूजा. सासूबाईंनी कामट्या तासून, पतंगाचा कागद चिकटवून केलेली चांदणी त्यांनी उतरवून माळ्यावर टाकली. सासूबाई म्हणतात, "आमच्या मायबापानं काय जन्मभर खोटंच केलं का?" मुलांना संडे स्कूलच्या नाटकात काम आहे. मी कुणाच्या बाजूनं बोलू?

उत्तर : जय ख्रिस्त. आधी मिस्टरांचं जेवढं खरं आहे तेवढं कबूल करा, म्हणजे पुढचं ते ऐकून घेतील. येशूच्या जन्माची तारीख शुभवर्तमानात नाही. रोममधल्या सन ३५४ च्या एका पंचांगात २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म लिहिलाय आणि त्याच पंचांगात त्याच तारखेला 'अजिंक्य' देवाचा, बहुतेक सूर्याचाच, जन्मदिवसही आहे. तेव्हा शंका काही हवेतून आलेली नाही.

पण कुणी कुणाचं उचललं, हे त्यावरून ठरत नाही. दुसरा एक हिशेबही जुनाच आहे : येशूचं मरण २५ मार्चचं, गर्भधारणाही त्याच तारखेची, पुढं नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर. चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप संत ऑगस्टीन यांनी तो लिहून ठेवलाय. अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. आर्मेनियन मंडळी तर आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते. झाडाचं म्हणाल, तर त्याविरुद्ध ज्याचा दाखला देतात, त्या जुन्या करारातल्या यिर्मयाच्या १० व्या अध्यायात लाकूड कोरून, सोन्यारुप्यानं मढवलेल्या मूर्तीबद्दल लिहिलंय. नाताळचं झाड त्यानंतर दोन हजार वर्षांनी जर्मनीत आलं.

आणि मिस्टर काही नवीन सांगत नाहीत. तुमच्या जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे. त्या देशातल्या प्रेस्बिटेरियन लोकांनी शास्त्रात नाही म्हणून नाताळ कधीच सोडला होता; तिथं नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ साली! म्हणून कुणी त्यांना अधर्मी म्हटलं नाही. तुम्हीही मिस्टरांना म्हणू नका, पाळकसाहेबांना मध्ये घालून चार माणसांत त्यांचा पाणउतारा तर मुळीच नको.

आता चांदणी. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल म्हणतो, कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखेच. ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करावी, दुसऱ्याला दोष देऊ नये. मिस्टरांना पटत नसेल तर त्यांनी रात्रीच्या उपासनेला जाऊ नये, घरी बसावं. आईच्या हातची वस्तू माळ्यावर फेकायची मुभा त्या अध्यायात मला कुठं दिसली नाही. ती खाली काढा, फाटला असेल तिथं कागद लावा आणि सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीत टांगा. मुलांना नाटकात जाऊ द्या. मेंढपाळ झाल्यानं कुणाचा विश्वास ढळत नाही.

मिस्टर नाताळच्या खर्चावर बोलले असते, तर मीच त्यांची बाजू घेतली असती. सूर्यदेवापेक्षा मला कपड्यांसाठी आणि डीजेसाठी काढलेल्या उसनवारीची धास्ती जास्त. करंज्या-शंकरपाळ्यांवर भागत असेल तर भागवा.

एक वचन मात्र त्यांच्यापुढं ठेवा : योहान १०:२२. यरुशलेमेत मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण होता, हिवाळा होता आणि येशू मंदिरात फिरत होता. हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही, तो नंतर, मक्काबी या यहुदी बंडखोर घराण्याच्या काळात सुरू झाला. मग येशू तिथं काय करत होता, एवढंच विचारा. पण सासूबाई झोपल्यावर विचारा; आईदेखत माघार घेणं त्यांना जड जाईल.