पहिल्याच आठवड्यात शंभर बैठका नको रे

काल कमाटीबागेत पाहिलं तुला, पहिल्याच दिवशी चार राउंड पळालास आणि नंतर बाकावर बसून पोटऱ्या चोळत होतास, तेव्हाच म्हटलं याला सांगायला हवं. फिटनेस म्हणजे नुसते दंड फुगवणं नाही, दमसास, ताकद, स्नायू किती वेळ तग धरतात ते, लवचीकपणा आणि अंगात चरबी किती हे सगळं त्यात आलं. मल्लखांबावरची पोरं बघ, मग कळेल.

मी पण तुझ्या वयात हेच केलं होतं, ३० बैठकांवरून एकदम १०० वर गेलो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून आडवा उतरत होतो आणि आई हसत होती! स्नायू व्यायाम करताना नाही, नंतरच्या आरामात भरतो, म्हणून एकाच भागाला जोरदार ताण दिलास की मध्ये ४८ तास सोड. वाढवायचं ते थोडं थोडं, ३० चे ३३ कर, आठवडाभर जमलं की पुढे.

पळताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर स्पीड कमी कर. आणि जे करशील तेच सुधारतं, नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळलास तर दम वाढेल, पण त्याने पुलअप्स नाही यायचे. दोन-तीन आठवडे सोडलंस तरी कमावलेला दम उतरायला लागतो, तो तर सगळ्यात आधी.

उद्या साडेसहाला ये, दहा मिनिटं वॉर्मअप आधी. शेव-उसळ नंतर.