पायात लाकडाचं बारीक कुसळ गेलंय, घरीच कसं काढू?

सगळ्यात आधी, दाबून पिळून बाहेर काढायला जाऊ नका, त्याने कुसळ आत तुटतं आणि मग खरा त्रास सुरू होतो. आणि लाकडाचं आहे म्हणून पाय तासभर पाण्यात बुडवूनही ठेवू नका, लाकूड पाणी पिऊन फुगतं नि मऊ पडून चिमट्यातच तुटतं. नुसतं साबणाने हात आणि तो भाग धुवा, कोरडा करा, चिमटा आणि सुई स्पिरिटने पुसून घ्या.

आता चांगल्या उजेडात बसा, तळपाय स्वतःला नीट दिसत नाही म्हणून घरातल्या कुणालातरी मोबाईलचा टॉर्च तिरका धरायला सांगा, तिरक्या उजेडात ती काळी रेघ लगेच दिसते. टोक बाहेर असेल तर अगदी कातडीलगत चिमट्यात धरा आणि ज्या दिशेने घुसलंय त्याच तिरकसपणे हळू मागे ओढा, सरळ वर नाही. टोक आत असेल तर सुईने फक्त वरची कातडी उचकटा, टाचेची जाड असते त्यामुळे फारसं दुखत नाही, टोक दिसलं की चिमटा. नंतर परत धुवून पट्टी लावा.

डायबेटिस असेल, काच असेल, खोल किंवा नखाखाली गेलं असेल तर प्लीज घरी खटपट करू नका, डॉक्टरकडेच जा. नंतर लाली पसरली, ठणकायला लागलं, पू झाला तरी तेच. कुसळ मातीने माखलेलं होतं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटली असतील तर तेही विचारून घ्या.