मुलाची साखर नॉर्मल आली, मग बाकीच्या तपासण्या कशाला?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ११ वर्षांचा, उंची १४२ सेंमी, वजन ५६ किलो. उपाशीपोटी साखर ९६ आली. तरी डॉक्टरांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि बीपी तपासायला सांगितलं, आणि घरचे म्हणतात उगाच खर्च.

करून घ्या. मी डॉक्टर नाही, नागपूरची एक आई आहे, पण याच घोळात आमचं एक वर्ष वाया गेलंय.

माझी लेक तेव्हा १२ वर्षांची. तिच्या मानेवर मागून काळा पट्टा आला होता. आम्हाला वाटलं, मळ. सासूबाई दर रविवारी बेसन आणि साय लावून मान घासायच्या. कातडी लाल व्हायची, पोरगी रडायची, पट्टा तसाच. बोट फिरवलं तर मखमलीसारखा लागायचा. पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी मान बघताक्षणी सांगितलं की हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं, आणि त्याने मान, काख इथली कातडी जाड व काळी पडते. आधीच्या दवाखान्यात वर्षभरात तिचं बीपी एकदाही घेतलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं? त्या घासण्याचं मात्र मला आजही फार वाईट वाटतं. तुमच्या मुलाची मान आज नक्की बघा.

अशा वेळीही साखर नॉर्मल येऊ शकते, कारण इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन ओतून तिला धरून ठेवतं. वयात येताना इन्सुलिनचा असर तसाही कमी होतो, त्यात वजनाची भर. स्वादुपिंड थकलं की मग आकडा चढतो: उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पण रक्तवाहिन्या तोवर थांबत नाहीत. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि बीपी आधीच वाढलेलं असू शकतं. अमेरिकेत बोगालुसा इथल्या अभ्यासात अपघाताने वगैरे दगावलेल्या २ ते ३९ वयाच्या २०४ जणांच्या धमन्या तपासल्या होत्या. वजन, बीपी, कोलेस्टेरॉल असे धोके जितके जास्त, तितके चरबीचे पट्टे जास्त, हे १९९८ साली छापून आलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी एक करता येईल. टेपने पोटाचा घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे तुमच्याकडे ७१ सेंमीच्या वर असेल, तर तपासणीला आणखी एक कारण मिळालं. घरात आई, बाबा, आजी-आजोबा कुणाला शुगर असेल, किंवा गरोदरपणात तुम्हाला झाली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

लेकीचं एचबीए१सी ५.९ निघालं. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. आम्ही आधी कोल्ड्रिंक बंद केलं. ३०० मिलीच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर असते. रविवारचे तर्री पोहे ठेवले, फक्त सोबतची जिलेबी गेली. खरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात ४५ डिग्रीत पोट्टे दिवसभर कूलरसमोर मोबाइल घेऊन बसतात. म्हणून पहाटे साडेपाचला तिचे बाबा तिला अंबाझरी तलावावर फिरायला घेऊन जायला लागले, संध्याकाळी बिल्डिंगमध्ये बॅडमिंटन. "वाढतं वय आहे, खाऊ द्या न बाप्पा," असं सासूबाई म्हणायच्या, म्हणून ताट सगळ्यांचंच बदललं, तिचं एकटीचं नाही. तिला जाडी म्हणणं घरात बंद केलं.

वर्षभरात वजन दोनच किलो उतरलं, पण उंची सहा सेंमी वाढली. वाढत्या मुलांत वजन नुसतं थांबलं तरी पुष्कळ होतं, असं डॉक्टर म्हणाले. एचबीए१सी ५.५ वर आलं, मानेचा पट्टा फिका झाला.

बीपीचं तेवढं लक्षात ठेवा. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून मोठा पट्टा मागा. मुलाला पाच मिनिटं शांत बसवा, आणि जास्त आलं तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा घ्यायला सांगा. त्या वयात आकडा वय आणि उंची बघून तक्त्यावर लावतात, मोठ्यांच्या १२०/८० शी ताडून घरीच निकाल लावू नका.