दिवा लागतो, आवाज येत नाही

गणपती जवळ आले की माझ्याकडं फोन आणि चिठ्ठ्यांचा रतीब सुरू होतो. कुणाला आजीच्या ओव्या टिपून ठेवायच्या असतात, कुणाला भजनी मंडळाचा कार्यक्रम, कुणाला शाळेतलं नाटुकलं. लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली), जोडीला यूएसबीवर चालणारं बाहेरचं साउंड कार्ड, आणि तक्रार ठरलेली : ‘सर, लिनक्सवर आवाज येत नाही.’ बहुतेक वेळा लिनक्सचा त्यात काडीचा दोष नसतो. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून इथं एकदा लिहून टाकतो.

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत. कार्ड लावलं की दिवा लागतो, पण रेकॉर्ड काहीच होत नाही. दुकानदार म्हणतो, ड्रायव्हरची सीडी विंडोजची आहे, लिनक्सवर हे चालायचंच नाही. खरं काय? (एक शिक्षिका, खानापूर)

सीडी डब्यात राहू द्या. यूएसबी ऑडिओचा एक सर्वमान्य नियम आहे. तो पाळणाऱ्या कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आधीपासूनच असतो, वेगळं काही घालावं लागत नाही. खोक्यावर ‘क्लास कम्प्लायंट’ लिहिलेलं असेल किंवा ते आयपॅडला नुसतं जोडून चालत असेल, तर लिनक्सवरही सहसा चालतंच. दुकानदाराला हे माहीत नसेल तर नसू दे, पण ‘चालायचंच नाही’ हे त्यानं कशाच्या जोरावर सांगितलं?

आता शोध घ्या. आवाज आजींच्या तोंडातून फाइलीत पडेपर्यंत सात उंबरे ओलांडतो : माइक, वायर, कार्ड, यूएसबी, कर्नल, साउंड सर्व्हर (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यात आवाज पोचवणारा मधला दुवा) आणि शेवटी ऑडेसिटीसारखा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. तो कुठल्या उंबऱ्यावर अडला ते कळलं की निम्मं काम झालं. लोक मात्र सातही ठिकाणी एकदम हात घालतात आणि चालू असलेलंही बिघडवून ठेवतात.

मधूनच सुरुवात करा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून एल, एस, यू, एस, बी ही पाच अक्षरं लहान लिपीत सलग टाइप करा. येणाऱ्या यादीत कार्डाचं नाव दिसत नसेल तर दुखणं यूएसबीच्या अलीकडं आहे. बऱ्याचदा ती केबल मोबाईलची निघते, नुसती चार्जिंगची. तिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही, म्हणून तर दिवा लागतो आणि माणूस फसतो. केबल बदला. हब मधे असेल तर काढा आणि कार्ड थेट लॅपटॉपला लावा.

यादीत नाव आलं तर पुढची आज्ञा : ‘ए’ला जोडून ‘रेकॉर्ड’, मग एक जागा, वजाचं चिन्ह, त्याला चिकटून लहान ‘एल’. इथंही कार्ड दिसलं म्हणजे कर्नलनं त्याला रेकॉर्डिंगसाठी ओळखलं. मग ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ उघडून अगदी शेवटच्या कॉन्फिगरेशन पानावर जा. कार्डापुढं ‘ऑफ’ किंवा नुसतं ‘आउटपुट’ निवडलेलं असतं, तिथं आउटपुट आणि इनपुट दोन्ही असलेला पर्याय घ्या. तसा दिसला नाही तर ‘प्रो ऑडिओ’. तरीही मुकंच असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (कार्डाच्या आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) चालवा, एफ-सहा दाबून कार्ड निवडा, एफ-चार दाबून कॅप्चरचा भाग उघडा आणि स्पेसबारनं कॅप्चर चालू करा. चांगल्या कार्डांत इथं काहीच पट्ट्या दिसत नाहीत. घाबरू नका, त्यांचा आवाज पुढच्या गोल बटणानंच वाढतो.

हे सगळं करून जमलं नाही तर कार्ड, केबल आणि माइक तिन्ही घेऊन या. नुसतं कार्ड आणू नका.

आणि बाई, एक विचारतो. आजींचं वय काय? कार्ड सुटेपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळी मोबाईलवर रेकॉर्ड करा, पत्र्यावर पाऊस वाजत असला तरी करा. चांगल्या आवाजातलं नंतर पुन्हा करता येईल.

प्रश्न : ऑडेसिटी उघडल्यावर कार्ड लावलं तर यादीत येत नाही. (निपाणी)

ऑडेसिटी सुरू होतानाच यादी करते. बंद करून उघडा, नाहीतर ऑडिओ डिव्हायसेस ‘रीस्कॅन’ करा.

प्रश्न : रेकॉर्डिंग हेडफोनच्या फक्त डाव्या कानात ऐकू येतं. उजवी बाजू जळाली का? (संकेश्वर)

नाही. एक माइक म्हणजे एकच बाजू. मोनो ट्रॅकवर रेकॉर्ड करा.

प्रश्न : नवा कंडेन्सर माइक घेतला, आवाज अजिबात नाही. (चिकोडी)

या माइकला कार्डाकडून वीज लागते. कार्डावरचं ४८ व्होल्टचं बटण दाबा. त्याआधी स्पीकर बंद करा, नाहीतर दणका बसेल. उसना आणलेला जुना रिबन माइक असेल तर हे बटण दाबण्याआधी मालकाला विचारा, तो माइक दुखावू शकतो.

प्रश्न : मोबाईलवर एका व्हिडिओत सांगितलं की पल्सऑडिओ हेच सगळ्या दुखण्याचं मूळ, ते काढून टाका. मी काढलं. आता आवाज नाहीच, आणि स्क्रीनवरच्या निम्म्या गोष्टीही गायब आहेत. मित्र म्हणतो, फॉरमॅट मार की. (कॉलेजचा विद्यार्थी, टिळकवाडी)

त्या व्हिडिओवाल्यानं कुठलं साल, कुठला लिनक्स हे सांगितलं होतं का? पल्सऑडिओ या साउंड सर्व्हरला नावं ठेवण्याची रीत पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा ते नवं होतं आणि अडखळायचं. आता त्याची जागा पाइपवायर या नव्या सर्व्हरनं घेतली आहे : फेडोरात २०२१ पासून, उबंटूत २०२२ च्या ऑक्टोबरच्या आवृत्तीपासून, मिंटमध्ये २२ व्या आवृत्तीपासून. आपल्याकडं कुठलं आहे हे न बघता काढाकाढी करणं म्हणजे शेजाऱ्याचं औषध आपण घेणं.

काढण्याआधी टर्मिनलनं एक यादी दाखवून ‘हो की नाही’ विचारलं होतं. त्या यादीत डेस्कटॉपचं नाव होतं. तुम्ही न वाचता ‘वाय’ दाबलंत.

फॉरमॅट मारू नका. लॅपटॉप वायरनं इंटरनेटला जोडा आणि ज्या डेस्कटॉपचं पॅकेज गेलं तेच पुन्हा इन्स्टॉल करा, बाकीचं मागोमाग येतं. त्याआधी फाइलींची एक प्रत बाहेर काढा. यातलं काही उमगत नसेल तर हात लावू नका, घेऊन या. आणि मित्राला सोबत आणू नका.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मंदिरात करतो. मिक्सरमधून वायर कार्डात आणि कार्ड लॅपटॉपला. दोन वर्षं झाली, मागं सारखा ‘घूं’ असा आवाज येतोय. मंडपवाला म्हणाला, लॅपटॉपच्या चार्जरची जाड पिन मोडा. एकदा त्या पिनेला टेप गुंडाळून बघितलं, आवाज खरंच गेला. कायमची मोडू का? का लिनक्समध्ये याची काही सेटिंग आहे? (येळ्ळूर)

मोडू नका. टेप आजच काढा. पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

दर गणपतीत हा प्रश्न येतो, आणि दर वेळी विचारणारा सांगतो की ‘आवाज खरंच गेला’. जाणारच. तो का जातो ते समजून घ्या, म्हणजे मी का ओरडतोय तेही समजेल. मिक्सर आपल्या प्लगमधून जमिनीला जोडलेला आहे, लॅपटॉप चार्जरमधून. दोघांना जोडणारी आवाजाची वायर तिसरी. असा एक वेढा तयार होतो. दोन प्लग दोन वेगळ्या बोर्डांवर असले, एक गाभाऱ्यातला आणि एक शेजारच्या घरातून ओढलेला, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक राहतो आणि त्या वेढ्यातून बारीकसा प्रवाह फिरत राहतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून तो घूं ५० चा आणि त्याच्या पटींचा. पेटीवरच्या पांढरी पाचच्या खर्जाजवळचा हा स्वर. तुमचा पेटीवाला पांढरी पाच धरत असेल तर घूं सुरातच लागत असेल, दोन वर्षं तो कुणाला फारसा न खटकण्याचं कारण कदाचित तेच!

पिन मोडली की वेढा तुटतो आणि घूं थांबतो. पण ती पिन घूं करण्यासाठी दिलेली नव्हती. चार्जरच्या आत काही फुटलं, वायर कुरतडली गेली, तर लॅपटॉपच्या धातूच्या भागात येणारा २३० व्होल्ट खाली उतरायला त्या पिनेचा रस्ता होता. तो तुम्ही बंद केलात. आता वीज दुसरा रस्ता शोधणार : लॅपटॉपमधून कार्डात, वायरीवरून मिक्सरमध्ये. तिथं कुणी हुशारानं मिक्सरचीही पिन मोडून ठेवली असेल तर तिथून माइकच्या धातूच्या जाळीत. जाळीला ओठ कुणाचे लागतात? बुवांचे. बुवा अनवाणी, फरशी ओली, हातात पितळी टाळ. आपल्या भागातला श्रावण-भाद्रपद काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

‘बोर्डावर एमसीबी आहे की’ असंही ऐकवतात. एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, वायरीला वाचवायला असतो. तो पडायला कित्येक अँपिअर लागतात, माणसाला मात्र मिलिअँपिअरमधला प्रवाहही पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. मंदिरात तो आहे का, आणि त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर तो पडतो का, हे कार्यक्रमाआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून बघा. अर्थिंगही त्यालाच मोजू द्या. मंडपवाल्याला मोजायला लावू नका, मलाही नको. मी आवाजाचा माणूस आहे.

तोवर घूं घालवायचे सुरक्षित मार्ग आहेत. रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर भिंतीतूनच काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर निदान पक्कं. बॅटरी तेवढी टिकत नसेल तर मिक्सर आणि लॅपटॉप दोन्ही एकाच चांगल्या अर्थिंगच्या बोर्डावर घ्या. तरी राहिला तर मिक्सर आणि कार्डाच्या मधे, आवाजाच्या वायरीवर, ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असलेला डीआय बॉक्स (वायरीत बसणारी छोटी डबी) लावा. तो आवाजाच्या वायरीतला वेढा तोडतो, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. बॅटरीवरही आवाज राहिला, किंवा माउस हलवल्यावर तो चिरका होऊन बदलत असेल, तर दुखणं वेगळं आहे, कार्ड घेऊन या.

राहिली लिनक्सची सेटिंग. नाही. घूं वायरीतून आत येतो, त्याला विंडोज आणि लिनक्स सारखेच. ऑडेसिटीत आवाज पुसायची सोय आहे, पण ती घूंबरोबर मृदंगाचा घुमाराही खरवडून काढते.

प्रश्न : काळी एकमध्ये म्हटलेला अभंग व्हिडिओला जोडल्यावर वर चढला आणि लवकर संपतो. गाणाऱ्याला वाटतं मी मुद्दाम केलं. (सुळेभावी)

कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले त्या गावात स्वर असा चढावा, हे काही बरं नाही. कार्डानं सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले आणि वाजवणाऱ्यानं ते ४८,००० समजून वाजवले. मग पेटीवरच्या जवळपास दीड पट्टीनं सूर चढतो, म्हणजे काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोनच्या बरोब्बर मधे लटकतो आणि कुठलीच पेटी लागत नाही. दहा मिनिटांचा अभंग ९ मिनिटं ११ सेकंदांत आटोपतो. तुमचा किती भरतो ते मोजून बघा. हेच प्रमाण असेल तर ऑडेसिटीत ट्रॅकच्या नावाच्या मेनूतून रेट ४४,१०० करा, सूर खाली येईल. ‘पिच’ बदलायच्या इफेक्टला हात लावू नका. पुढच्या वेळी व्हिडिओसाठी सुरुवातीपासून सगळीकडं ४८,०००च ठेवा.

प्रश्न : गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जरा उशिरा येतो. (शहापूर)

कार्डावरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ (आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट ऐकायची सोय) चालू करा आणि प्रोग्राममधलं मॉनिटरिंग बंद. बफर (प्रोग्राम एका वेळी साठवतो ते नमुने) १०२४ चा २५६ केला तर ४८,००० वर २१ मिलिसेकंदांचे ५ होतात, पण जुना लॅपटॉप दमतो आणि आवाजात टकटक शिरते.

प्रश्न : ‘सेव्हन पॉइंट वन’ लिहिलेलं बोटभर यूएसबी कार्ड स्वस्तात मिळतंय. सतारीसाठी घेऊ का? (बेळगाव कॅम्प)

नको. तसल्या तुकड्याला भोकं दोनच : एक हेडफोनचं, एक मोनो माइकचं. आठ स्पीकर कुठं लावणार ते विकणाऱ्याला विचारा. सतार सोबत आणा, दोन-तीन कार्डांवर वाजवून बघू, मग पैसे खर्च करा.

प्रश्न : सप्ताहातलं रात्रभराचं कीर्तन एका साध्या रेकॉर्डर प्रोग्रामनं वेव्ह फाइलीत सलग सहा तास रेकॉर्ड केलं. आता फाइल उघडते, पण दोन तासांहूनही कमी लांबीची दाखवते. बाकीचं गेलं का? (अथणी)

बहुधा गेलेलं नाही. ४८,००० आणि २४ बिटांचा स्टिरिओ सेकंदाला २,८८,००० बाइट खातो, तासाला एक जीबीहून थोडं जास्त. वेव्ह फाइलीच्या डोक्यावर लांबी लिहायला जी जागा असते तिच्यात चार जीबीच्या पुढचा आकडा मावत नाही. चार तास आठ मिनिटांच्या आसपास तो आकडा भरला आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागला. पुढचं कीर्तन डिस्कवर आहे, फक्त फाइलीला त्याचा पत्ता नाही.

पुढच्या वेळी तासातासाला नवी फाइल करा किंवा फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत रेकॉर्ड करा. आत्ता मात्र ती फाइल कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नका, दाखवतोय तेवढाच तुकडा उरेल. ऑडेसिटीत ‘रॉ डेटा’ म्हणून ती आत घेता येते, पण सुरुवातीचे किती बाइट सोडायचे ते एकानं जरी चुकलं तरी सहा तासांची नुसती खरखर ऐकू येते, आणि लोक तिथंच हाय खाऊन फाइल पुसून टाकतात.

मूळ फाइल लॅपटॉपवरच राहू द्या. प्रत पेनड्राइव्हवर घेऊन या, पण पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा. जुन्या फॅट-३२ मध्ये चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही. येताना रेकॉर्डिंग किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता थांबवलं, तेवढं कागदावर लिहून आणा.