घरातलं अप्रेझल बंद करा

पत्र (थोडक्यात): मी गेली २२ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या एका टीमचा मॅनेजर. मुलगा १७ वर्षांचा आहे, पुढच्या वर्षी पदवीला प्रवेश घेईल. मार्क ८० टक्क्यांच्या आसपास. एआयमुळे साधं कोडिंग करणाऱ्यांचे दिवस भरले आहेत, हे मी रोज बघतो. माझीच टीम वर्षभरात १४ वरून ६ वर आली. म्हणून त्याला आत्तापासून तयार करतोय. पायथन आणि जावास्क्रिप्ट झालं, आता रस्ट ही भाषा चालू आहे. गिटहबवर (प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या वेबसाइटवर) रोज किमान एक कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, करायचा, हा नियम. ज्या दिवशी कमिट होतो, त्या दिवसाचा चौकोन तिथे प्रोफाइलवर हिरवा दिसतो. रोज रात्री मी त्याचा दहा मिनिटं स्टँड-अप घेतो. ११ महिन्यांत एकदाही तो 'अडलंय' म्हणाला नाही, म्हणून सगळं सुरळीत आहे असं समजत होतो. गेल्या आठवड्यात कळलं की चार महिने त्याचे कमिट एक स्क्रिप्ट करत होती. जाब विचारला तर म्हणाला, "तुम्हाला चौकोन हिरवे हवे होते, ते होते." त्यानंतर तो माझ्याशी धड बोललेला नाही. आजीसाठी मोबाइल कसा वापरायचा याची वही लिहिण्यात मात्र तासन् तास घालवतो. मध्यंतरी ॲप अपडेट झालं, तर सगळी पानं पुन्हा लिहायला बसला. प्रश्न असा की त्याने कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की थेट एआयची पदवी? आणि असा शॉर्टकट मारणारा मुलगा या क्षेत्रात टिकेल का?

उत्तर:

तुमचे दोन्ही प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवते. 'त्यानंतर तो माझ्याशी धड बोललेला नाही' हे वाक्य तुम्ही स्क्रिप्ट आणि वही यांच्यामध्ये जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथेच अडले. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्राचा विषय तोच आहे.

आधी त्या स्टँड-अपबद्दल बोलू. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते. सॉफ्टवेअरच्या टीममध्ये रोज एक छोटी बैठक होते, बहुतेक वेळा उभ्या उभ्याच. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय का, एवढं प्रत्येकाने सांगायचं. या बैठकीचा जीव तिसऱ्या प्रश्नात आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुठल्याही नोंदवहीतून मिळतात. कुणीतरी 'अडलंय' म्हणावं आणि शेजारच्याने 'थांब, मी बघतो' म्हणावं, यासाठी तर सगळ्यांनी एकत्र जमायचं.

१७ वर्षांचा मुलगा ११ महिन्यांत तीन भाषा शिकतो आणि एकदाही अडत नाही, हे तुम्हाला खरं कसं वाटलं? रस्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, भल्याभल्यांना दमवतो. एखादी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) एका फंक्शनच्या (कोडच्या छोट्या भागाच्या) हाती दिली की ती आपल्याकडे उरत नाही, एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायलाही अनुभवी माणसांना वेळ लागतो. तुमचा मुलगा अडत होता, आणि बहुधा रोजच अडत होता. पण समोर बाबा बसलेले नव्हते, मॅनेजर बसले होते. आणि मॅनेजरपुढे 'अडलंय' म्हटलं की ते आपल्या नावावर लागतं, हे मुलं फार लवकर ओळखतात. रोज 'सगळं ठीक आहे' म्हणणारा आणि रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्याच्या, आदल्या रात्री कोलमडणारा माणूस तुम्ही टीममध्ये नक्की पाहिला असेल. तसा माणूस टीमनेच घडवलेला असतो, हेही तुम्हाला ठाऊक असणार. तसाच एक तुमच्या घरात घडत होता आणि तुम्ही त्याला 'सुरळीत' म्हणत होता.

आता ती स्क्रिप्ट. खोटं ते खोटंच. चार महिने वडिलांना फसवण्याचं कौतुक मी करणार नाही. 'पाहा, किती हुशारीने ऑटोमेशन केलं' असंही म्हणणार नाही, कारण असल्या स्क्रिप्ट तयार मिळतात आणि त्या चालू करायला फारसं डोकं लागत नाही. पण त्याचं उत्तर पुन्हा एकदा वाचा. तुम्ही त्याच्याकडे शिकणं मागितलंच नव्हतं, चौकोन मागितले होते.

तुमच्याच क्षेत्रातला एक जुना किस्सा आहे. १९८२ च्या सुमारास ॲपलमध्ये लिसा या संगणकाचं काम चालू होतं. दर आठवड्याला कोडच्या किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म प्रत्येक प्रोग्रामरने भरावा, असं मॅनेजरांनी ठरवलं. बिल ॲटकिन्सनने नेमका तेव्हा पडद्यावर आकृत्या काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने रचला होता. तो जवळपास सहापट वेगवान झाला आणि कोड दोन हजार ओळींनी कमी झाला. त्याने फॉर्मवर लिहिलं: उणे २०००. पुढे काही आठवड्यांनी त्याच्याकडे तो फॉर्म मागणंच बंद झालं. तुमच्या नियमाने काय होईल पाहा. दिवसभर एकही ओळ न लिहिता मुलाने एखादा बग नुसता वाचून, कागदावर रेघोट्या मारून समजून घेतला, तर तो दिवस कोरा. स्वल्पविराम इकडचा तिकडे केला तर तो दिवस हिरवा. खुद्द गिटहबने २०१६ मध्ये प्रोफाइलवरून 'सलग इतके दिवस काम केलं' हा आकडा काढून टाकला. त्यांनी जे काढलं, ते तुम्ही घरात परत आणलंत.

तुमच्या पत्रात मला दोन पत्रं दिसतात. एक मुलाबद्दलचं. दुसरं एकाच ओळीचं: टीम १४ वरून ६ वर आली. ते आठजण तुमच्या हाताखालचे होते. त्यांना खोलीत बोलावून सांगण्याचं काम बहुधा तुम्हालाच करावं लागलं असेल. आपला नंबर कधी, हा विचार तेव्हापासून तुमचा पिच्छा सोडत नसेल तर त्यात नवल काही नाही. ही भीती खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. पण दिवसभर ती घेऊन वावरणारा माणूस रात्री दहा मिनिटं मुलासमोर बसतो आणि त्याला 'तयार' करतो. या ११ महिन्यांत तुमची भीती तसूभरही कमी झाली नाही, फक्त घरात आता ती दोघांना आहे. तुम्ही कधी त्याला त्या आठजणांबद्दल सांगितलंत का? माझा अंदाज आहे, नाही. त्याला फक्त नियम माहीत आहे, नियमामागची गोष्ट माहीत नाही.

आता एक गैरसमज, कारण तुमचा पहिला प्रश्न त्यावरच उभा आहे. एआय आलं म्हणून माणसं गेली, तेव्हा मुलाला एआयचीच पदवी देऊ, असा तुमचा हिशेब. फेसबुकची कंपनी मेटाने ११ हजार लोकांना काढल्याची घोषणा केली ९ नोव्हेंबर २०२२ ला. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं त्याच महिन्याच्या ३० तारखेला. म्हणजे कपातीची ती लाट आधीच सुरू झाली होती. महासाथीच्या काळात कंपन्यांनी बेसुमार भरती केली होती आणि ती अंगाशी आली. त्यानंतरच्या वर्षांत कोड लिहून देणारी साधनं झपाट्याने सुधारली आहेत आणि नवख्यांना द्यायची सोपी कामं त्यांनी खाल्ली, हेही खरं, ते मी नाकारत नाही. पण कोड लिहिणं म्हणजेच हा धंदा, हे समीकरण कधीच बरोबर नव्हतं. १९५९ मध्ये कोबोल भाषा आखली गेली तेव्हा ती साध्या इंग्रजीसारखी वाचता यावी, असा हेतू होता. प्रोग्रामरशिवाय काम भागेल अशी आशा अनेकांना वाटली. झालं उलटंच. कोबोल प्रोग्रामर नावाची नवी जमात उभी राहिली आणि आजही अनेक बँकांची जुनी यंत्रणा त्यांच्याच जिवावर चालते. कारण नेमकं काय हवंय आणि ते चुकलं तर काय होईल, हे नेटकेपणाने सांगणं हीच खरी अवघड गोष्ट होती. एआयला काम सांगतानाही तीच अवघड आहे. आणि ज्या पदवीच्या नावात एआय आहे तिच्या पहिल्या दोन वर्षांतही बहुतेक तेच गणित, तीच संख्याशास्त्राची आणि प्रोग्रामिंगची पुस्तकं असतात. पाटीवरचं नाव बघून कॉलेज निवडू नका.

मग या क्षेत्रात माणूस कशाने टिकतो? मार्च २०२४ मधली गोष्ट सांगते. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होता. एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. बाकी कुणीही 'नेटवर्क स्लो असेल' म्हणून सोडून दिलं असतं. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या छोट्या साधनात कुणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा त्याला सापडला. तो वेळेत सापडला नसता तर असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते. आणि तो पेरणारा कोण? 'जिया टॅन' या नावाचं एक खातं, ज्याने दोन वर्षांहून अधिक काळ नियमित, उपयोगी कमिट करून विश्वास कमावला होता. तुमच्या कसोटीवर ते खातं पहिल्या नंबरने पास झालं असतं. ज्याने जग वाचवलं त्याच्याकडे त्या क्षणी फक्त एक खटकलेली गोष्ट होती, आणि ती खटकली तर तिच्यामागे जायला मोकळा वेळ होता. तुम्ही मुलाचा नेमका तोच वेळ काढून घेतलाय.

आजीच्या वहीबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मी ती वही पाहिलेली नाही, पण अशा वह्या पाहिल्या आहेत. 'हिरवा गोल दाबायचा, लाल दाबला की फोन बंद होतो.' मोठी अक्षरं, शेजारी पेनाने काढलेलं चित्र. मग एक दिवस अपडेट येतं, कुणीतरी कुठल्यातरी ऑफिसात बटण खालून वर हलवतं, आणि काल स्वतःच्या हाताने फोन लावणारी बाई आज पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसते. बटण हलवणाऱ्या टीमच्या स्टँड-अपमध्येही त्या दिवशी 'काही अडलं नाही' असंच सांगितलं गेलं असेल. जिचं अडलं ती त्या बैठकीत नव्हती. सॉफ्टवेअरबद्दलचं माझं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे: ते बनवणाऱ्यांना वापरणारा माणूस फक्त आकड्यांत दिसतो. तुमच्या मुलाला तो समोर बसलेला दिसतो. म्हणून तर कुणी न सांगता त्याने सगळी पानं पुन्हा लिहायला घेतली.

आता कृपा करून लगेच यूएक्स डिझाइनच्या (वापरणाऱ्याला सोपं जाईल असं सॉफ्टवेअर आखण्याच्या) कोर्सची चौकशी करू नका. ती वही गिटहबवर टाकायला सांगू नका, तिचा 'प्रोजेक्ट' करू नका. तुमच्या नियमाबाहेर राहिलेली त्याची ती एक जागा आहे, ती त्याच्याकडेच राहू द्या.

तो टिकेल का, हे मी सांगू शकत नाही. एका स्क्रिप्टवरून कुणीच सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. प्रवेशाचं म्हणाल तर परीक्षेचा अर्ज मुदतीत भरा, गणित सुटू देऊ नका. तेवढ्याने कॉम्प्युटर सायन्स, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, डिझाइन या सगळ्या वाटा मोकळ्या राहतात. त्यांतली कुठली, हे त्याला ठरवू द्या. कदाचित त्याला यांतलं काहीच नको असेल. तेही ऐकायची तयारी ठेवा, कारण तुमच्या दोन पानी पत्रात त्याचं स्वतःचं वाक्य एकच आहे आणि तेही पकडला गेल्यावर बोललेलं.

आज रात्रीपासून तो स्टँड-अप बंद करा. 'तू अमुक केलंस तर बंद करतो' असं नको, नुसता बंद. त्याच्या प्रोफाइलचं पान उघडू नका. मग एखाद्या संध्याकाळी त्याला त्या आठजणांबद्दल सांगा: कोण होते, त्यांना कसं सांगितलंत, घरी आल्यावर तुम्हाला काय वाटलं. सल्ला जोडू नका. स्क्रिप्टबद्दलची माफी तो मागेल किंवा नाही मागणार, पण ११ महिन्यांबद्दल तुम्ही आधी मागा. पहिल्या दिवशी तो गप्पच बसेल. तुम्ही घाईने ती शांतता प्रश्नांनी भरू नका.

त्याला मला काही विचारायचं असेल तर त्याने स्वतः लिहावं. तुम्ही मजकूर सांगायचा नाही, पाठवण्याआधी वाचायचाही नाही. नाही लिहिलं तरी चालेल. तुम्ही मात्र पुन्हा लिहा, या वेळी स्वतःबद्दल. २२ वर्षांच्या नोकरीनंतर टीम अर्ध्याहून कमी झाली, पुढे काय, हाही करिअरचाच प्रश्न आहे आणि तो तुमचा आहे. त्याचं उत्तर मी आनंदाने देईन.